शेंगदाण्यातून हॉस्पिटल उभं करणारा माणूस : आमेदेओ ओबीची

नदीकाठची

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार आहे आणि घरात शांतता आहे म्हणून बसलेच लिहायला. लांबेल, आधीच सांगते.

आम्ही व्हर्जिनियात हॅम्प्टन रोड्सच्या पट्ट्यात राहतो. मागच्या उन्हाळ्यात सासरे आले होते जळगावकडून, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. येऊन तीन आठवडे झाले नाहीत तर ताप, छातीत कफ, शेवटी न्यूमोनिया निघाला आणि सफोकच्या हॉस्पिटलात पाच दिवस राहावं लागलं. चौथ्या दिवशी जरा तरतरी आली तशी खिडकीबाहेरच्या पाटीकडे बोट करून म्हणाले, "हे ओबीची कोण गं? मोठे डॉक्टर होते का?" मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या पाटीवरून गाडी नेली, कधी डोक्यात प्रश्न आला नाही. नर्सबाईंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, डॉक्टर नाही, शेंगदाणेवाले.

अण्णा उठूनच बसले. चाळीस वर्षं भुईमूग केलेला माणूस. म्हणाले, "शेंगदाण्यावर दवाखाना? मला सगळं सांग." मग त्या रात्री फोनवर जे मिळेल ते वाचत गेले, त्यांना सांगत गेले, नंतर लायब्ररीतून अजून वाचलं. ते सगळं इथे मांडते.

आमेदेओ ओबीची. जन्म १५ जुलै १८७७, इटलीच्या उत्तरेला व्हेनेतो प्रांतात ओदेर्झो नावाचं गाव आहे तिथला. वडील घोड्यांचे खोगीर वगैरे करायचे. हा सात वर्षांचा असताना ते गेले. मागे आई आणि भावंडं. मामा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला स्क्रँटनमध्ये होता, त्याच्याकडे पाठवायचं ठरलं. १८८९ मध्ये जेमतेम बारा वर्षांचा पोरगा, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, एकटा बोटीत बसून न्यूयॉर्कला आला. माझा मुलगा आत्ता अकराचा आहे, त्याला एकट्याने दुसऱ्या टर्मिनलला पाठवायची माझी छाती होत नाही.

तिथे पडेल ते काम. सिगारच्या कारखान्यात, फळांच्या दुकानात. पैसे साठवून साठवून काही वर्षांत आईला आणि भावंडांना बोलावून घेतलं. मग शेजारच्या विल्क्स-बॅरी गावात स्वतःचं फळांचं छोटं दुकान टाकलं आणि त्यात साडेचार डॉलरला शेंगदाणे भाजायचं एक मशीन घेतलं. हे साडेचार डॉलर लक्षात ठेवा, सगळं इथून सुरू होतं. मशीन हाताने फिरवायचं होतं, सतत कुणीतरी उभं पाहिजे नाहीतर दाणे करपणार, तर याने पुल्या वगैरे लावून ते आपोआप फिरेल अशी सोय केली. आणि स्वतःला म्हणवून घ्यायला लागला 'शेंगदाणा तज्ज्ञ'. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. दुकानावर तसं लिहिलं पण.

१९०६ मध्ये मारिओ पेरुत्झी नावाच्या दुसऱ्या इटालियन माणसाबरोबर कंपनी काढली, प्लँटर्स. सहा कामगार आणि दोन मोठ्या भट्ट्या. प्लँटर्स नाव का, तर ते ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून. पेरुत्झी पुढे त्याच्या बहिणीचा नवरा झाला. १९१३ मध्ये कारखाना थेट व्हर्जिनियात सफोकला आणला, जिथे शेंग पिकते तिथेच, म्हणजे मधले दलाल गेले. अण्णा इथे म्हणाले, "हे आमच्याकडे अजून जमलं नाही."

पुढचं जेवल्यावर लिहिते, हॉस्पिटलची गोष्ट राहिलीच आहे.

पसऱ्या

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! माझ्या आवडीचा विषय निघाला.

एक भर घालतो. व्हर्जिनिया ही नुसती जागा नाही, भुईमुगाचा एक अख्खा प्रकार त्या नावाने ओळखला जातो. दाणा मोठा, लांबट. आपल्याकडे पसऱ्या आणि निमपसऱ्या जाती त्या गटातल्या, आणि उपट्या जाती म्हणजे स्पॅनिश गटातल्या, दाणा लहान, गोल, तेल जास्त. बाजारात व्यापारी बोल्ड आणि जावा म्हणतात ते साधारण हेच. महाराष्ट्रात बहुतेक उपटीच करतात कारण लवकर येते आणि काढायला सोपी, झाड धरून ओढलं की शेंगा सगळ्या बुडाशी. पसऱ्याला वेल लांब पसरतो, आऱ्या (फुलातून निघून जमिनीत शिरणारे, ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ) लांबलांब जमिनीत जातात, काढणीला शेंगा मातीत राहून जातात.

आता ओबीचीने सफोक का निवडलं असेल ते बघा. तेल काढायचं असेल तर लहान दाणा चालतो, पण खारवून पाकिटात विकायचा तर दाणा देखणा पाहिजे. तो देखणा दाणा तिथल्या रेताड जमिनीत येतो. म्हणजे दलाल टाळणं हे एक कारण आणि मालाची निवड स्वतःच्या हातात घेणं हे दुसरं, आणि मला वाटतं दुसरं जास्त मोठं होतं.

तुमच्या अण्णांनी कोणती जात केली विचाराल का?

नदीकाठची

@पसऱ्या, विचारायची गरज नाही, पाठ आहे मला, फुले प्रगती. जळगावच्याच संशोधन केंद्रातली. त्याआधी एसबी ११. हॉस्पिटलातल्या कॉटवर त्यांनी मला दोन्हीतला फरक अर्धा तास समजावला होता.

भट्टीकाठ

धागा वाचून अंगावर काटा आला कारण आमचं घरच या धंद्यावर उभं राहिलं. आजोबा आणि वडील दोघं फुटाणे, खारे दाणे, चुरमुरे. आता मी पुण्यात नोकरी करतो पण सुट्टीत अजून भट्टीवर उभा राहतो.

लोकांना वाटतं शेंगदाणे भाजण्यात काय आहे. सांगतो. आपले खारे दाणे म्हणजे आधी मिठाच्या पाण्यात मुरवायचे, निथळायचे, वाळवायचे आणि मग तापलेल्या वाळूत किंवा मिठात कढईत हलवायचे. साल राहतं. मीठ सालाला धरतं. गिऱ्हाईक हातावर चोळून, फुंकर मारून खातं. पण साल काढून, अख्खा, दोन पाकळ्या न होता, गोरापान दाणा आणि त्याला मीठ चिकटलेलं, हे अवघड काम आहे. साल काढायला आधी गरम करून गार करायचं, म्हणजे साल सुटतं, मग चोळायचं. जोरात चोळलं की दाण्याची फाड होते आणि फाडीला भाव नाही. शिवाय सोललेल्या कोरड्या दाण्याला मीठ धरतच नाही, खाली बसतं, त्यासाठी तेलात तळावा लागतो.

ओबीचीच्या कंपनीने नेमकं हेच पकडलं. सोललेला, अख्खा, खारवलेला दाणा छोट्या पाकिटात, पाच सेंटला. त्याआधी अमेरिकेत शेंगा म्हणजे सर्कशीत आणि बेसबॉलच्या मैदानात टरफलं जमिनीवर फेकत खायची वस्तू. पाकिटात बंद केल्यावर ती टाय लावलेल्या माणसाच्या खिशात गेली. आमच्या वडिलांनी ८० च्या दशकात पुडी सोडून पाकीट करून बघितलं होतं, सील नीट बसायचं नाही, आठ दिवसात दाणा मऊ पडायचा, माल परत यायचा. तो काळ आमच्या घराला फार कठीण गेला. म्हणून मला कळतं पाकीट म्हणजे काय असतं ते.

सह्याद्री_ते_सिलिकॉन

छान माहिती. इटालियन लोकांपैकी मला जियानिनी माहीत होते, बँक ऑफ अमेरिकावाले. १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बँक ऑफ इटली काढली, ज्यांना मोठ्या बँका उभं करत नसत त्या भाजीवाल्या, कोळी, मजूर लोकांना कर्ज देत होते. १९०६ च्या भूकंपात शहर जळालं तर धक्क्यावर पिंपांवर फळी टाकून तिथेच कर्ज वाटायला बसले. योगायोग बघा, त्याच वर्षी तिकडे प्लँटर्स सुरू झाली.

नदीकाठची

हो, जियानिनींवर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा. पण त्यांचा जन्म अमेरिकेतलाच, आईवडील आलेले. मला ओबीचीने धरून ठेवलं ते यासाठी की हा स्वतः आलाय, पोरवयात, एकटा.

आता राहिलेलं लिहिते.

धंद्यात डोकं जबरदस्त होतं. सुरुवातीला पाकिटात एक एक अक्षर टाकायचा, ओबीची या नावातलं. सगळी अक्षरं जमवली की घड्याळ बक्षीस. परक्या देशात, जिथे इटालियन नावाची चेष्टा व्हायची, तिथे लोक स्वतःहून त्याचं नाव अक्षर अक्षर जुळवत बसले होते. मला हे वाचताना फार बरं वाटलं. आपण इथे मुलांची नावं ठेवताना 'अमेरिकनांना जमेल का म्हणायला' असा विचार करतो ना?

१९१६ मध्ये कंपनीला एक चिन्ह हवं होतं म्हणून चित्रांची स्पर्धा ठेवली. सफोकमधल्या एका शाळकरी मुलाचं चित्र निवडलं, अँतोनियो जेंतिले, तोही इटालियन स्थलांतरितांचाच मुलगा. शेंगेला हातपाय काढले होते त्याने. बक्षीस पाच डॉलर. मग कंपनीच्या चित्रकाराने त्यावर उंच टोपी, एका डोळ्याचा चष्मा, काठी चढवली आणि झाले मिस्टर पीनट. १९१८ पासून मोठ्या मासिकात पानभर जाहिराती. आज सफोकच्या मुख्य चौकात त्या शेंगेचा पुतळा आहे, अण्णांना बरं वाटल्यावर तिथे नेलं, त्यांनी टोपी काढून फोटो काढला.

त्याच १९१६ साली लुईझ म्युझांतेशी लग्न. ती विल्क्स-बॅरीचीच, इटालियन घरातली आणि तीही याच धंद्यातली, शेंगदाणे विकलेली. १९२४ मध्ये दोघांनी नॅन्समंड नदीच्या काठावर शेत घेतलं, बे पॉइंट फार्म, आणि तिथेच राहिले. मूलबाळ नव्हतं. १९३८ मध्ये लुईझ गेली.

आणि मग त्याने ठरवलं की सफोकला तिच्या नावाने हॉस्पिटल व्हायला पाहिजे. १९४७ च्या मे महिन्यात तो गेला, पण संपत्तीचा मोठा भाग त्या कामासाठी विश्वस्त निधीत ठेवून गेला. १९५१ मध्ये लुईझ ओबीची मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. त्याने ते पाहिलंच नाही. २००२ मध्ये नव्या इमारतीत गेलं, २००६ मध्ये मोठ्या आरोग्य संस्थेत सामील झालं, आणि त्या व्यवहारातून आलेल्या पैशातून एक फाउंडेशन उभं राहिलंय जे या भागात आरोग्याच्या कामांना अजून पैसे देतं. दोघांना चिरविश्रांतीही हॉस्पिटलमध्येच दिलीये.

अण्णांची कॉट त्याच हॉस्पिटलात होती. पाटीवर आज फक्त आडनाव उरलंय, म्हणून मलाही वाटायचं की ते कुणा पुरुषाचं नाव असेल. मूळ नाव बाईचं आहे. कारखान्याला स्वतःचं नाव दिलं नाही, हॉस्पिटलला बायकोचं दिलं.

मृण्मयी_२१

वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं. बायकोचं नाव पाटीवर, आणि त्या काळात. अण्णांना नमस्कार सांगा.

कोळसापट्टा

मी स्क्रँटनजवळच राहतो गेली नऊ वर्षं त्यामुळे हात शिवशिवतायत.

दोन गोष्टी. एक म्हणजे तो न्यूयॉर्कला उतरला असेल ते एलिस आयलंडला नाही. एलिस आयलंड १८९२ ला सुरू झालं, १८८९ मध्ये लोक मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डन नावाच्या जुन्या गोल किल्ल्यात उतरायचे. आता ती जागा बागेत आहे, स्वातंत्र्यदेवीच्या बोटीची तिकिटं तिथेच मिळतात, म्हणजे आपल्यातले बरेच जण त्या दारातून न कळत आत जाऊन आलेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा भाग म्हणजे अँथ्रासाइट कोळशाचा. त्या काळात बारा वर्षांच्या गरीब पोराला इथे सहज मिळणारं काम म्हणजे ब्रेकर बॉय. कोळसा फोडून घसरणीवरून खाली यायचा आणि पोरं वाकून बसून त्यातले दगड हाताने वेचायची, दिवसाचे दहा तास, धुळीत, बोटं रक्ताळलेली. १९११ मध्ये लुईस हाइनने शेजारच्या पिट्स्टनला या पोरांचे फोटो काढले, ते बघाच, काळे चेहरे आणि म्हाताऱ्यासारखे डोळे. बालकामगार कायद्यांसाठी त्या फोटोंचा उपयोग झाला. ओबीची त्या वयात इथे होता. फळाच्या दुकानात गेला म्हणून वाचला असं मी म्हणेन. इथल्या जुन्या दफनभूमीत इटालियन, पोलिश, वेल्श नावांचे दगड बघत फिरलं की कळतं सगळे वाचले नाहीत.

आणि इटालियनांची चेष्टा व्हायची एवढंच नाही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने अकरा इटालियनांना ठार मारलं होतं. हा तेव्हा तेराचा असणार.

नदीकाठची

@कोळसापट्टा, कॅसल गार्डनबद्दल मनापासून धन्यवाद, मी अण्णांना एलिस आयलंडच सांगितलं होतं, आज फोनवर दुरुस्त करते. ब्रेकर बॉयचे फोटो बघितले. बंद केलं लॅपटॉप थोडा वेळ.

त्रेव्हिझोहून

ओदेर्झोपासून मी पाऊण तासावर राहते! नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं झाली इथे. धागा बघून उडालेच.

ओदेर्झो फार जुनं, रोमन काळापासूनचं गाव, तेव्हा ओपिटेर्जियम म्हणायचे. आता इथे सगळीकडे द्राक्षाचे मळे, प्रोसेक्को, टापटीप घरं, श्रीमंती दिसते. पण १८८० च्या दशकातलं व्हेनेतो म्हणजे उपाशी प्रांत होता. गरीब शेतकरी सकाळ-संध्याकाळ पोलेंता खायचे, पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं समजा. नुसत्या मक्यावर जगल्याने पेलाग्रा व्हायचा, कातडी सोलवटायची, वेड लागायचं, माणसं मरायची. हा रोग व्हेनेतोत घरोघर होता. तेव्हा लोकांना कारण नक्की कळत नव्हतं, पुढे कळलं की नायसिन नावाचं जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून होतो.

आता गंमत नाही, पण मला लिहावंसं वाटलंच. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. ज्या प्रांतातली माणसं ते न मिळाल्याने मरत होती तिथला मुलगा तिकडे जाऊन शेंगदाणे विकायला लागला. त्याला हे ठाऊक असायचं कारणच नाही. पण मी आज संध्याकाळभर हाच विचार करतेय.

इथून त्या वर्षांत माणसं लाटेने गेली, ब्राझीलला, अर्जेंटिनाला, अमेरिकेला. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत एकट्या अमेरिकेत चाळीस लाखांच्या वर इटालियन गेले, त्यात दक्षिणेकडचे जास्त, पण व्हेनेतोनेही गावंच्या गावं रिकामी केली. आणि आता त्याच पो नदीच्या खोऱ्यात गाईंच्या गोठ्यांवर आपले पंजाबी लोक काम करतायत.

चिकित्सक_वाचक

माणूस मोठाच, त्यात वाद नाही. पण एक बाजू राहिली आणि ती मांडल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. सफोकच्या त्या कारखान्यांत शेंगा निवडायला, सोलायला, दाणे पट्ट्यावर बघत बसायला कोण होतं? बहुतेक काळ्या बायका, अत्यंत कमी मजुरीवर. व्हर्जिनियात तेव्हा कायद्यानेच वंशभेद होता, शाळा वेगळ्या, गाड्यांतल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. १९५१ साली पण तो होताच. साडेचार डॉलरच्या मशीनची गोष्ट सांगताना त्या हातांची पण सांगितली पाहिजे. नाहीतर सगळं एका माणसाने केलं असं वाटतं.

भट्टीकाठ

@चिकित्सक_वाचक, बरोबर बोललात. आमच्या भट्टीवर वडील मालक पण दाणे निवडायला चार मावश्या यायच्या. फाड, काळा, चिमट दाणा डोळ्याने टिपून बाजूला. ते काम मशीनला जमत नव्हतं. त्यातल्या एका मावशीची नजर इतकी पक्की होती की वडील म्हणायचे दुकान तिच्या डोळ्यावर चालतंय. तिला पगार मात्र इतरांइतकाच होता. हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

नदीकाठची

@चिकित्सक_वाचक, मी हे लिहायला हवं होतं, राहिलं ते चुकलंच. मी इथे आल्यापासून शेजारी एक आजी आहेत, सफोकच्याच, त्यांची आई शेंगेच्या कारखान्यात होती. कोणत्या ते मी विचारलं नाही. त्या सांगतात आई घरी यायची तेव्हा केसांत शेंगेच्या लाल सालांचा भुगा असायचा, आणि झोपायच्या आधी त्या मुली आईचे केस विंचरून तो काढायच्या. ओबीचीचं मोठेपण मला अजूनही तेवढंच वाटतं, पण ते केसही आता सोबत आहेत.

फोर्टकर

आपल्याकडचा एक दुवा देतो. मुंबईत केक म्हटलं की ज्या मोंजिनीजचं नाव येतं ते मुळात इटालियन आडनाव आहे, मोंजिनी. फोर्टमध्ये त्या इटालियन बंधूंचं दुकान होतं, गोरे साहेब लोक जायचे. पुढे मालकी खोराकीवाला कुटुंबाकडे आली आणि गल्लोगल्ली वाढदिवसाचे केक पोचले. नाव मात्र तेच ठेवलं. आम्ही लहानपणी समजायचो पारशी नाव आहे.

सह्याद्री_ते_सिलिकॉन

प्लँटर्सचं पुढे काय झालं? कुटुंबाकडेच आहे का?

नदीकाठची

नाही. १९६० च्या सुमारास स्टँडर्ड ब्रँड्सने घेतली, मग नॅबिस्को, मग क्राफ्ट, २०२१ मध्ये हॉर्मेलने ३.३५ अब्ज डॉलरला. मला त्या आकड्याचं फारसं काही वाटत नाही खरं सांगायचं तर. डबा बघितला की टोपीवाली शेंग दिसते तेवढं पुरे.

पसऱ्या

त्या चित्रकार मुलाबद्दल मी वाचलंय की फक्त पाच डॉलर देऊन सोडलं नाही. ओबीचीची त्या घराशी ओळख वाढली आणि अँतोनियो आणि त्याच्या भावंडांच्या कॉलेजचा खर्च त्याने उचलला. बरोबर ना?

नदीकाठची

बरोबर आहे. आणि त्यावरूनच आजचा शेवटचा किस्सा.

काल जळगावला फोन लावला. तिकडे सकाळ होती, अण्णा ओट्यावर बसलेले, मागे कोंबडा ऐकू येत होता. अख्खा धागा वाचून दाखवला. पसऱ्या यांनी आऱ्यांबद्दल लिहिलंय त्याला "बरोबर आहे" म्हणाले. भट्टीवाल्या मावशीचं परत वाचायला लावलं. पेलाग्राचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले ७२ च्या दुष्काळात आपण सुकडी खाल्ली ते आठवलं.

मग त्यांनी विचारलं, "ते चित्र काढणारं पोरगं. शिकलं का पूर्ण?"

म्हटलं हो अण्णा, डॉक्टर झाला. इथेच, नदीपलीकडे न्यूपोर्ट न्यूजला प्रॅक्टिस करायचा.

"वा. मग?"

मग १९३९ मध्ये गेला. तरुणच होता, चाळिशीसुद्धा नव्हती.

"आणि शेठ?"

शेठ होते. त्यांची बायको आदल्याच वर्षी गेली होती.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्षात दोघं," आणि परत गप्प झाले. मग विचारलं की माझा खोकला गेला ना पूर्ण, म्हणजे स्वतःचाच, डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं होतं ते परत वाच म्हणाले. वाचून दाखवलं. मग म्हणाले यंदा शेंगा उपटायला माणसं मिळत नाहीयेत, पाऊस लांबला तर जमिनीतच कोंब येतील, आणि फोन ठेवला.